विषाणूंचा परवलीचा शब्द

मनुष्याला जंतूंची बाधा होते हे आपण सर्वच जाणतो. परंतु त्या जंतूंनाही पछाडणारे विषाणू असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. इंग्लंडमध्ये ट्वॉर्ट यांनी १९१५ साली आणि पॅरिसमध्ये डेरेल यांनी १९१७ साली या जंतुभक्षक विषाणूंची ओळख जगाला करून दिली. असा विषाणू जंतूच्या अंगाला चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो आणि जंतूच्याच सामग्रीवर आपली प्रजा वाढवितो.

मग जंतू मुकाट्याने मरण पत्करतात काय? मुळीच नाही. पुष्कळ जंतूंपाशी कात्रीसारखे काम करणारी विकरे असतात. डीएनए ही ए, टी, जी, सी अशा चार अक्षरांची लांबच लांब माळ. तीत ठराविक अक्षरे ठराविक क्रमाने आली, की ही कात्री चालते. पण तोच क्रम जंतूच्या स्वतःच्या डीएनएतही असतो! तेथे जंतूचे दुसरे एक विकर मेथिल गट, म्हणजे एक कार्बन व तीन हायड्रोजन अणूंचा लहानसा पुंजका, चिकटवून ठेवते. खूण असेल तो आपला, नसेल तो परका. हे रहस्य १९६० नंतरच्या दशकात स्विस शास्त्रज्ञ वेर्नर आर्बर यांनी उलगडले. १९७८ साली नेथन्स व स्मिथ यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता गंमत पाहा. पहारेकऱ्याने परवलीचा शब्द विचारावा आणि शत्रूने तो आधीच पाठ करून यावे, तसे काही विषाणू करतात. मेथिल गट बसविणारे विकर घडविण्याची कृती त्यांच्या डीएनएतच लिहिलेली असते. बॅसिलस सबटिलिस या मातीतील जंतूच्या एका वाणाची कात्री जी-जी-सी-सी हा क्रम कापते. त्यावर जगणाऱ्या एसपीआर या विषाणूचे विकर नेमक्या त्याच क्रमावर खूण करते. शिवाय आणखी दोन निराळे क्रमही ते ओळखते. जणू तीन गडांचे परवलीचे शब्द एकट्याला पाठ! आधीच्या जंतूत वाढत असतानाच ही खूण लागत असल्यामुळे पुढच्या जंतूत शिरताना कात्री निष्प्रभ ठरते.

खुणेचा उपयोग केवळ बचावापुरताच नाही. पी-वन हा विषाणू जी-ए-टी-सी या क्रमातील ए वर मेथिल गट बसवितो. नव्या कवचात डीएनए भरण्यासाठी तो जेथे तोडावयाचा, ती जागा या खुणेवाचून तोडलीच जात नाही.

या सूक्ष्म झुंजीशी आपला संबंध काय? आज कित्येक जंतू प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. अशा वेळी विषाणूंकरवी जंतूंचा नाश करण्याच्या उपायाकडे वैद्यकाचे लक्ष पुन्हा वळले आहे. जॉर्जियातील त्बिलिसी येथे १९२३ साली निघालेल्या संस्थेने ही परंपरा जतन केली आहे. मात्र एका रोग्याचा जंतू मारणारा विषाणू दुसऱ्या रोग्याच्या, त्याच जातीच्या जंतूपुढे हतबल होऊ शकतो. त्याच्या अनेक कारणांपैकी एक ही कात्री होय. म्हणून योद्धा निवडताना त्याला परवलीचा शब्द येतो की नाही, हेही पाहावे लागते.