ओलीचा माग

जुन्या मोटारीतून पाणी नेमके कोठून जाते याचा शोध घेणारा इसम प्रथम जमिनीवर पडलेल्या थेंबाकडे पाहतो आणि बहुधा तेथेच फसतो. कारण रेडिएटरामागचा पंखा वारा मागे लोटीत असल्यामुळे पुढे झिरपलेले पाणी इंजिनाच्या अंगावरून मागे सरते, एखाद्या बोल्टाच्या माथ्यावर काही काळ विसावते आणि मग आपल्या उगमाशी काडीचाही संबंध नसलेल्या जागी खाली उतरते.

साताऱ्याच्या एका गॅरेजात कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, १०८९ घनसेंटिमीटर इंजिनाची एक वयोवृद्ध प्रीमियर पद्मिनी दुरुस्तीस आली होती. खंबाटकीच्या चढाला काटा वर जातो आणि रोज सकाळी रेडिएटरात तांब्याभर पाणी ओतावे लागते, एवढीच मालकांची कैफियत. मिस्त्रींनी बॉनेट उघडण्यापूर्वीच विचारले, ‘‘काका, ह्यात पानी कुठलं वतता?’’ ‘‘बोअरचं.’’ ‘‘मग झालंच!’’

इंजिन पूर्ण गार होईतो त्यांनी टोपणास हात लावला नाही, आणि हा सबुरीचा भाग शास्त्रशुद्ध होता. सुमारे ०.९ बार दाब धरणाऱ्या टोपणाखाली साधे पाणीदेखील ११८ अंशांच्या आसपास पोचेपर्यंत उकळत नाही. परंतु टोपण फिरवताच तो दाब नाहीसा होऊन त्याच पाण्याची क्षणार्धात वाफ होते व ती उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. गार झाल्यावर रेडिएटराच्या तोंडाशी हातपंप बसवून टोपणावर छापलेल्या आकड्याइतका दाब भरण्यात आला. काटा स्थिर राहावयास हवा होता. तो मात्र रेंगाळत, जणू नाइलाजाने, खाली येऊ लागला.

बाहेर तर सर्वत्र कोरडे! मिस्त्रींनी काठीला बांधलेला आरसा आत सारला, विजेरीचा झोत टाकला आणि बोटाने एक पांढुरका खरपुडा चाचपून दाखविला. पाणी उडून जाते, त्यातील क्षार मात्र मागे राहतात. तो खरपुडा वॉटर बॉडीच्या, म्हणजे पाण्याच्या पंपाच्या, पोटाशी असलेल्या बारीक छिद्राभोवती जमला होता. हे छिद्र कारखान्यानेच मुद्दाम ठेवलेले असते: आतील सील झिजले की पाण्याने बेअरिंगात न शिरता बाहेर पडून वर्दी द्यावी, ही त्यामागील योजना. ते एम-सीलने लिंपून टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांच्या गाडीचे बेअरिंग पुढे पंख्यासकट डुगडुगू लागते. हळदीची पूड रेडिएटरात टाकण्याचा प्रघातही जुना आहे आणि आडरानात तो तारूनही नेतो, पण तीच हळद पुढे बारीक नळ्या तुंबवते.

रेडिएटर उतरवून शेजारच्या कारागिराकडे गेला. हे काम घटकाभर उभे राहून पाहण्यासारखे आहे. वरची पितळी टाकी तापवून उचलली, तेव्हा चपट्या नळ्यांची तोंडे दिसली. निम्मी गंज आणि क्षार यांनी बुजलेली. प्रत्येक नळीतून पोलादी पट्टी खालपर्यंत सरकविताना कारागीर जोर लावीत नव्हता. अडली की मागे घेई, किंचित फिरवी व पुन्हा पुढे करी, कारण या वयाच्या नळीचा पत्रा कागदाइतका उरलेला असतो. नंतर टाकी पुन्हा जोडून, भोके बंद करून, सारा रेडिएटर हौदात बुडविला व आत हवा सोडली. एका कोपऱ्यातून बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. खडूची खूण, घासकाम, नवसागर, आणि शिसे-कथलाचा डाख. मग पुन्हा हौद, आणि या खेपेस पाणी निश्चल.

नवी वॉटर बॉडी, नवे होजपाइप, नव्या क्लिपा बसल्या. इंजिनातील तांबडा गाळ धुऊन काढून निम्मे शुद्ध पाणी व निम्मे कूलंट भरण्यात आले. दुसऱ्याच दिवशी मालक तणतणत हजर! इंजिनाच्या बाजूला बसविलेल्या पत्र्याच्या वाटोळ्या झाकणांपैकी एकातून हिरवा ओघळ येत होता. दोष अर्थातच त्यांनी महागड्या कूलंटास दिला.

‘‘त्यानं भोक पाडलं न्हाई, काका,’’ मिस्त्री म्हणाले, ‘‘गंजानं बुजवलं व्हतं, ते उघडं पडलं.’’

पाहू गेल्यास जुन्या गाडीत असा गुप्त तह कित्येक वर्षे चाललेला असतो: गंज पत्रा खातो आणि स्वतःच त्या जागी ठाण मांडून पाणी अडवितो. त्याला हुसकावले की तह मोडतो, म्हणून सफाईनंतरची पहिली गळती ही जुन्याच बिघाडाची थकबाकी समजावी. मिस्त्रींनी ते झाकण छिन्नीने तिरके करून ओढून काढले. आतून ते चाळणीसारखे झाले होते. मालकांनी ते हातात घेऊन उजेडाकडे धरले आणि आवाज एकदम खाली आणून शेजारच्या झाकणांची किंमत विचारली.

सगळी बदलण्याचे ठरले. सांडलेले कूलंट गोडसर चवीचे पण जहरी, त्यामुळे गॅरेजातल्या कुत्र्याने चाटण्याआधी पोऱ्याला फरशी धुवावयास लावून मिस्त्री छिन्नी घेऊन पुन्हा बॉनेटखाली वाकले.