ज्योत पिवळी का पडते?

मैत्रिणींनो, भांड्यांची बुडे अलीकडे काळी होऊ लागली आहेत का? मग भांडीवालीला बोल लावण्याआधी गॅसच्या शेगडीकडे पाहा. ज्योत निळी हवी. पिवळी, लवलवती ज्योत म्हणजे गॅसला पुरेशी हवा मिळत नाही. तो अर्धवट जळतो, काजळी धरते आणि सिलिंडरही लवकर संपतो. (मिठाचे पाणी उतू गेले की ज्योत घटकाभर पिवळी दिसते, त्याने घाबरायला नको.)

रेग्युलेटर बंद करून शेगडी निवू द्या. बर्नर काढून साबणाच्या कढत पाण्यात अर्धा तास भिजवा. धुण्याचा सोडा पितळेला चालतो, अ‍ॅल्युमिनियमला मात्र खातो. भोके खराट्याच्या हिराने मोकळी करा. काडेपेटीची काडी नको, ती आत मोडून बसते. बर्नरखालची नळीही आतून पुसा, झुरळांना ती जागा फार आवडते! सगळे खडखडीत वाळल्यावरच बसवा.

एकच बर्नर मंद असेल तर त्याचा जेट तुंबला असेल. दोन्ही मंद असतील तर सिलिंडर संपत आला, नाहीतर रबरी नळी कुठेतरी दुमडली. जेटमध्ये सुई खुपसू नका. भोक मोठे झाले की ज्योत कायमची बिघडते. ते काम मेकॅनिकचे.

आता त्या रबरी नळीबद्दल. ओटा आरशासारखा लख्ख ठेवणाऱ्या घरातही ही नळी आठ-आठ वर्षांची निघते! आय.एस.आय. चिन्हाची नारिंगी सुरक्षा नळीसुद्धा पाच वर्षांनी बदलायचीच. तारीख तिच्यावर छापलेली असते. शोभेसाठी तिच्यावर प्लॅस्टिक गुंडाळू नका, भेगा दिसत नाहीत. गळतीची शंका आली तर सांध्यांना साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले की गॅस गळतो आहे. काडी ओढून पाहणाऱ्या धीट बायका आहेत, त्यांना मात्र हात जोडावेसे वाटतात.

हा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीलगत साचतो. आपल्याकडे देवघर पुष्कळदा स्वयंपाकघरातच, तेही खाली. तेव्हा वास आला की रेग्युलेटर बंद करा, निरांजन शांत करा, दारेखिडक्या सताड उघडा. दिव्यापंख्याचे बटण लावू नका आणि बंदही करू नका, ठिणगी दोन्ही वेळा पडते. मुलांना घेऊन बाहेर पडा आणि १९०६ या क्रमांकावर कळवा. तो चोवीस तास चालू असतो. फोन मात्र घराबाहेर गेल्यावरच करा.