आतले ठोके आणि बाहेरचे माप

परंडा तालुक्यात दुष्काळाची चर्चा निघाली की ‘आणेवारी’ हा शब्द येतोच. रुपयाचे १६ आणे, म्हणून सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक आणि आठ आणे म्हणजे निम्मे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० पैसे झाले. पुढे आणेवारीची पैसेवारी झाली आणि निम्मे पीक ५० पैसे ठरले. समजा, जुन्या सवयीने कोणी नुसते ‘८’ लिहिले आणि वाचणाऱ्याने ते पैसे समजले, तर? निम्मे पीक जवळजवळ बुडाले असे ठरेल. शेत तेच, चूक एककाची.

संगणकातही असाच प्रसंग आला होता. लिनक्स या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, टायमरच्या ठोक्यांवर चालतो. ठोका पडला की कोणत्या प्रोग्रॅमची पाळी संपली, कोणाला जागे करायचे, हे तो पाहतो. नेहमीच्या पीसीवर पूर्वी सेकंदाला १०० ठोके पडत. प्रोग्रॅमने प्रोसेसर किती वेळ वापरला, हेही कर्नेल ठोक्यांतच सांगे. त्यामुळे ‘१०० ने भागले की सेकंद मिळतात’ असे अनेक प्रोग्रॅमांनी गृहीतच धरले.

२००२ मध्ये कर्नेलच्या २.५ या विकासमालिकेत ठोके १००० करण्यात आले. दोन ठोक्यांतील अंतर १० ऐवजी १ मिलिसेकंद झाले, त्यामुळे प्रतिसाद लवकर मिळू लागला. मात्र हे ठोके तसेच बाहेर कळवले असते, तर ३ सेकंदांचे काम जुन्या प्रोग्रॅमांना ३० सेकंदांचे दिसले असते. म्हणून दोन मापे वेगळी केली गेली. आत १००० ठोके, पण बाहेर सांगताना १० ने भागून पूर्वीचेच माप. २००५ मध्ये २.६.१३ या आवृत्तीत ठोके २५० झाले व ते निवडण्याची सोयही आली. बाहेरचे १०० मात्र बदलले नाहीत.

याची किंमतही आहे. आत मिलिसेकंदाचा हिशेब असला तरी या आकड्यांत १० मिलिसेकंदांहून बारीक काही दिसत नाही. म्हणून वेळ सांगणाऱ्या नव्या सोयी ठोक्यांऐवजी सेकंद व नॅनोसेकंद देतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेही १०० गृहीत न धरता ‘सिस्कॉन्फ’ या फंक्शनला माप विचारावे.

शाळेत लिनक्सचा संगणक असेल तर हे करून पाहा. ‘प्रॉक’ या फोल्डरातील ‘स्टॅट’ फाईल उघडा. ‘सीपीयू शून्य’ या ओळीतील पहिल्या आठ आकड्यांची बेरीज करा. १० सेकंदांनी फाईल पुन्हा वाचून बेरीज करा. फरक सुमारे १००० येईल, म्हणजे सेकंदाला १००. आत २५० ठोके असोत वा १०००, उत्तर तेच.

मग विद्यार्थ्यांना विचारा : एकक न लिहिलेल्या उत्तराला आपण गुण का देत नाही?