किक मारण्याआधी

जुनी मोटारसायकल घरात दोन वाटांनी येते : वारशाने किंवा हौसेने. वारशाने आलेली बहुधा जिन्याखाली, गोणपाट आणि मोडक्या सायकलींच्या आड उभी असते. हौसेने आलेली टेम्पोतून उतरते आणि तिची किंमत घरच्यांना निम्मीच सांगितलेली असते. पुढचा प्रवास मात्र दोघींचाही सारखाच. पहिल्या रविवारी पुसणे, दुसऱ्या रविवारी किक मारून मारून घामाघूम होणे आणि तिसऱ्या रविवारी "मेकॅनिककडे टाकू" म्हणत हात झाडणे. अशा कितीतरी गाड्या मग गॅरेजच्या कोपऱ्यात सुट्या भागांच्या रूपाने वर्षानुवर्षे पडून राहतात आणि शेवटी वजनावर जातात. वास्तविक त्यांतल्या बऱ्याच गाड्यांना झालेले काय असते? कार्ब्युरेटरमधल्या सुईएवढ्या भोकात अडकलेला कचरा!

आपल्याकडे जुनी मोटारसायकल म्हटले की बुलेट, राजदूत आणि जावा-येझदी ही नावे पुढे येतात. त्यांतल्या शेवटच्या जोडीविषयी आज लिहायचे आहे, कारण शिकाऊ माणसासाठी तिच्याइतकी चांगली शाळा नाही. जावाचा जन्म झेकोस्लोव्हाकियातला. फ्रान्तिशेक यानेचेक यांनी १९२९ साली वाँडरर या जर्मन कारखान्याच्या मोटारसायकलचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून 'जावा' केले. रुस्तम आणि फारुख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून ही गाडी म्हैसूरला बनवायला सुरुवात केली. १९७३ पासून तीच घडण 'येझदी' या नावाने रस्त्यावर आली. १९९६ साली कारखाना बंद पडला. पुढे २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावे पुन्हा बाजारात आली खरी, पण या नव्या गाड्या फोर-स्ट्रोक. जुन्या इंजिनाला त्यांच्या सुट्या भागांचा काडीचा उपयोग नाही. म्हणजे ज्याच्याकडे जुनी येझदी आहे, त्याला कारखान्याचा आधार नाही आणि कंपनीचे सर्व्हिस सेंटरही नाही. आहेत ती चार-दोन जुनी दुकाने, काही हौशी मंडळी आणि आता सत्तरी ओलांडलेले मिस्त्री.

माझ्या थोरल्या भावाची १९८२ सालची येझदी त्याच्या मागे नऊ वर्षे सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी होती. मग इमारत पुनर्विकासाला जायचे ठरले आणि 'बंद वाहने हलवावीत' अशी नोटीस लागली. वहिनींनी मुलाला स्वच्छ सांगितले, "दसऱ्यापर्यंत चालू झाली तर ठेव. नाहीतर भंगारवाल्याला मी सांगून ठेवलंय." पुतण्या संगणकाच्या कंपनीत. आयुष्यात त्याने सायकलचे पंक्चरसुद्धा स्वतः काढलेले नव्हते. भावाचे जुने मिस्त्री, ज्यांना सारा परिसर 'चाचा' म्हणतो, त्यांनी दुकान मुलाच्या हाती देऊन काम थांबवले होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पॉइंटचा गॅप दिसत नाही, म्हणाले. पण रविवारी सकाळी येऊन स्टुलावर बसायला तयार झाले. पाना मात्र पोराने धरायचा, या अटीवर.

आधी पुसू नका, आधी बघा

चाचांनी पहिल्या दिवशी किक मारूच दिली नाही. नऊ वर्षे उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात. जोरात किक मारली तर रिंग तुटते आणि सिलिंडरवर ओरखडा उठतो. म्हणून प्लग काढून भोकातून थोडे ऑइल सोडायचे, दोन दिवस थांबायचे, मग गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने पुढे-मागे हलवायचे. पिस्टन अलगद सुटला की निम्मी चिंता मिटली.

मग टाकी. जुन्या पेट्रोलचा वास व्हार्निशसारखा येतो आणि आत गंजाची भुकटी असते. मूठभर नट आणि व्हिनेगर घालून टाकी हलवायची, रात्रभर ठेवायची, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने धुऊन खडखडीत वाळवायची आणि लगेच आतून टू-टी ऑइलचा हात फिरवायचा. ही वाळवण्याची पायरी उतावीळ माणूस नेमकी गाळतो आणि आठवड्यात टाकी पुन्हा तांबडी होते.

इथे एक सांगायला हवे. बहुतेक हौशी मालकांचा पहिला खर्च रंगावर आणि क्रोमवर होतो. फोटो चांगले येतात, हे मान्य. पण पहिले पैसे टायर, ब्रेक शू आणि केबलवर गेले पाहिजेत. वीस वर्षांपूर्वीच्या टायरवर नक्षी शाबूत असली तरी रबराचा दगड झालेला असतो. आणि ब्रेकचा ड्रम उघडल्यावर आतली धूळ तोंडाने फुंकू नये. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्याने पुसावी, फडके फेकून द्यावे.

सुकलेला प्लग, भिजलेला प्लग

टू-स्ट्रोक इंजिनाला तीनच गोष्टी लागतात : पेट्रोल, ठिणगी आणि कॉम्प्रेशन. यांतली कोणती हरवली हे शोधण्याची चाचांची पद्धत इतकी सोपी आहे की कुणालाही जमावी. पेट्रोलचा कॉक उघडायचा, कार्ब्युरेटरवरची टिकली पेट्रोल पाझरेपर्यंत दाबायची, दहा किका मारायच्या आणि प्लग काढून बघायचा. सुका असेल तर पेट्रोल पोचत नाही, भिजलेला असेल तर ठिणगी नाही. एवढ्यावरून निम्मे इंजिन संशयाबाहेर जाते. (येझदीची किक म्हणजेच तिचा गिअरचा दांडा, आत दाबून वर फिरवला की किक, चालू झाल्यावर पुन्हा पुढे वळवला की गिअर. नवख्या माणसाला हे दाखवताना जुन्या मालकांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते, ते बघण्यासारखे असते.)

आमचा प्लग भिजलेला होता. प्लग वायरला लावून, त्याचे अंग सिलिंडर हेडला टेकवून किक मारली तर ठिणगी होती, पण पिवळसर, मलूल. हवी ती निळी आणि कडक. हे करताना प्लग त्याच्या भोकापासून दूर धरायचा आणि हाताने नव्हे, रबरी मुठीच्या पकडीने. भोकातून पेट्रोलची वाफ येत असते. उजव्या बाजूचे कव्हर काढले. आत डायनॅमो आणि पॉइंट. पॉइंटच्या दोन टिकल्यांवर काळपट थर आणि एका बाजूला खड्डा. बारीक पॉलिश पेपरने साफ करून फीलर गेजने ०.४ मिलिमीटरचा गॅप घेतला. ठिणगी निळी झाली आणि गाडी सातव्या किकेला फुटफुटली. चाळभर धूर झाला आणि वहिनी गॅलरीत आल्या. त्या काही बोलल्या नाहीत.

दहा मिनिटांनी गाडी बंद पडली. गार झाली की सुरू, गरम झाली की बंद. हा खेळ तीन रविवार चालला आणि या तीन रविवारांत पुतण्याचे खरे शिक्षण झाले. गरम होऊन बंद पडण्याची कारणे अनेक असतात. टाकीच्या झाकणातले हवेचे भोक बुजले तर टाकीत पोकळी होऊन पेट्रोल उतरत नाही. अशा वेळी झाकण क्षणभर उघडले की गाडी लगेच सुरू होते. तसे झाले नाही. कॉइल गरम झाल्यावर आतून तुटत असेल किंवा कंडेन्सर दगा देत असेल. पॉइंटवर मोठी चमक उडत होती, म्हणून चाचांनी कंडेन्सरवर बोट ठेवले. पोराला वाटले, कंडेन्सर, कॉइल, प्लग एकदमच बदलून टाकू. चाचा तिथे खेकसले. तिन्ही बदलले आणि गाडी चालली, तर दोष कशात होता हे कधीच कळणार नाही, आणि पुढच्या वेळी रस्त्यात पुन्हा तिन्ही विकत घ्यावे लागतील! एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहायचा. कंडेन्सर बदलला, गाडी अर्धा तास सलग चालली. वहीत पहिली नोंद झाली.

गाडी बोलते ती अशी

चालू होणे आणि नीट चालणे यांत मोठे अंतर असते. कार्ब्युरेटर जुळवताना आवाज कोणत्या टप्प्यावर बिघडतो हे ऐकायचे. गाडी नुसती उभी असताना दम सोडत असेल तर पायलट जेट. मधल्या वेगात अडखळत असेल तर सुई, जिची क्लिप एक खाच वर-खाली करता येते. पूर्ण मूठ पिळल्यावर मरगळत असेल तर मेन जेट. जेट साफ करायला तार घालू नये, पितळेचे भोक मोठे होते. हवेचा झोत पुरतो. मिश्रण जुळले की नाही हे प्लगच सांगतो : काजळी धरलेला काळा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी, बदामी म्हणजे बरोबर.

यांतला पांढरा प्लग धोक्याचा, हे घरच्यांनीही समजून घ्यावे असे आहे. या इंजिनात पिस्टनला मिळणारे ऑइल पेट्रोलमधूनच येते. ही गाडी लिटरला चाळीस मिली ऑइल मागते. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. मग पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरमध्ये अडकतो, मागचे चाक धावत्या गाडीत जागच्या जागी थांबते. घाट उतरताना मूठ बंद ठेवून इंजिनाच्या ब्रेकवर गाडी सोडणे हे फोर-स्ट्रोकमध्ये शहाणपणाचे, इथे घातक. उतारावर अधूनमधून मूठ पिळून इंजिनाला ऑइलचा घोट द्यावा लागतो. आणि लांबच्या रस्त्यावर डाव्या हाताची दोन बोटे क्लचवर ठेवावी. आवाज एकाएकी दबल्यासारखा वाटला की क्लच दाबायचा, विचार नंतर.

आमच्या गाडीने नेमकी हीच धास्ती दाखवली. गरम झाल्यावर मूठ सोडली तरी आवाज खाली येईना, इंजिन आपोआप पळत राही. म्हणजे कुठून तरी फुकटची हवा आत शिरते. कार्ब्युरेटरच्या जोडावर ऑइलचे चार थेंब सोडून पाहिले. आवाज बदलला नाही, म्हणजे जोड ठीक. उरले क्रँकचे ऑइल सील. टू-स्ट्रोक इंजिन क्रँककेसमधून श्वास घेते, त्यामुळे दोन्ही बाजूंचे हे रबरी सील म्हणजे त्याच्या नाकपुड्याच. डायनॅमोकडचे फाटले तर हवा शिरते. क्लचकडचे फाटले तर गिअरबॉक्सचे ऑइल ओढले जाते आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट निघतो. डायनॅमोकडचे सील हाताने दाबताच तडकले. नऊ वर्षे कोरडे पडलेले रबर, दुसरे काय होणार? दोन्ही सील बदलायला पुतण्याला एक पूर्ण शनिवार-रविवार लागला. त्यात डायनॅमोचा रोटर काढायला हातोडी न वापरता पुलर वापरायचा, एवढ्या एका गोष्टीसाठी अर्धा दिवस पुलर शोधण्यात गेला. पण हातोडीने क्रँक वाकतो, त्यापेक्षा अर्धा दिवस स्वस्त.

आजच्या काळाची एक भर यात घातली पाहिजे. २०२५ पासून पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल पाणी शोषून घेते, जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर फुगवते, आणि मिश्रण थोडे पातळ करते. म्हणजे पुन्हा तोच पांढरा प्लग. म्हणून नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात, मेन जेट एक नंबर मोठा लावून प्लगचा रंग बघावा, आणि गाडी पंधरवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवावे. आमच्या वहीत जेटचा जुना आणि नवा नंबर शेजारी शेजारी लिहिलेला आहे.

सायलेन्सरविषयी तरुणांना सांगणे आहे. आतले बॅफल काढले की आवाज भरदार होतो, पण खालच्या वेगातली ओढ जाते आणि शेजारी जागे होतात. बॅफल काढायचे ते साफ करायला. आमच्या दोन्ही बॅफलवर काजळीचा असा थर होता की भोकेच दिसत नव्हती. ती मोकळी झाल्यावर गाडी पुलाचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढली.

कागदपत्रांचेही इंजिनासारखेच, आधी बघावीत. मालक हयात नसेल तर वारसाच्या नावे करायला आरटीओचा फॉर्म ३१ लागतो. नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि मग दर पाच वर्षांनी तपासणी, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१ पासून 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी आहे; तिला नवी नोंदणी वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे, पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. विकत घेणाऱ्याने चेसिसचा नंबर कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. गोड बोलणारे विक्रेते या धंद्यात पुष्कळ आहेत.

दसऱ्याला झेंडूचा हार पडला तेव्हा गाडी चालू होती, हेडलाइट मात्र सहा व्होल्टच्या मानाने जेवढा लागतो तेवढाच. पुनर्विकासाच्या अर्जावर वाहनांच्या रकान्यात वहिनींनी 'दुचाकी : दोन' असे लिहिले. चाचा अजून रविवारी येतात, आता त्यांच्यासमोर सोसायटीतली आणखी एक जावा उघडलेली असते. आमच्या गाडीच्या वहीत सध्या एकच काम बाकी आहे : चेन झाकणाऱ्या दोन रबरी नळ्या. एक मिळाली, ती आखूड निघाली. दुसरीसाठी म्हैसूरच्या एका दुकानाला फोन केला आहे.