न चिकटणारी खुर्ची

चिचगडला जायचं तर मुंबई-कोलकाता महामार्गावरच्या देवरीहून आत वळावं लागतं. मग धानाच्या बांध्या, मध्येच जंगल आणि जागोजागी पळस. शिमग्याच्या सुमाराला तो पेटतो तेव्हा सगळे फुलांकडे बघतात, फांद्यांकडे कुणी बघत नाही. एखाद्या फांदीवर तांबूस, खरबरीत खपली धरलेली दिसली तर ती लाख. इवलासा किडा झाडाचा रस पितो आणि स्वतःभोवती राळेचं घर बांधतो, तीच ही. गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात ती काढतात, विकतात.

प्लास्टिकच्या यंत्राबद्दल लिहायचं आणि सुरुवात लाखेनं, हे मुद्दाम केलं आहे. लाख हे झाडावरचं प्लास्टिकच. सत्तर-ऐंशी अंशांवर मऊ होऊन वितळते, दाबाल तो आकार घेते, गार झाली की तो सोडत नाही. पार्सलवरचं लाखेचं सील म्हणजे छोटंसं साचेकामच. अमेरिकेत सॅम्युअल पेक यांनी १८५४ साली लाख आणि लाकडाच्या भुशाच्या मिश्रणातून फोटो ठेवायच्या डब्या दाबून काढायचं पेटंट घेतलं. पुढे बेकेलाइट शोधणारे लिओ बेकलंडही निघाले होते ते लाखेला पर्याय शोधायला.

लाखेचा दुसरा गुण सोनाराला आणि लोहाराला जास्त ठाऊक. ती चिकटते. मुठीच्या भोकात वितळलेली लाख घालून विळ्याचं शेपूट त्यात रोवलं की मूठ बसली. घडणं आणि जोडणं ही दोन्ही कामं एकाच पदार्थानं केली. नंतर आलेल्या बहुतेक प्लास्टिकांना हे जमलं नाही. जे साच्यात उत्तम वागतं, ते जोडताना आडमुठं निघतं.

साच्यात उत्तम वागणाऱ्यांपैकी एक म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. बिछायत केंद्रातून लग्नाला येणाऱ्या खुर्च्या बहुतेक याच्याच. त्या घडवणाऱ्या इंजेक्शन मोल्डिंग यंत्राचा पूर्वज १८७२चा, हायट बंधूंचा. तो होता साधा सोऱ्या: मागून दांडा दाबायचा, पुढून वितळलेलं सेल्युलॉइड साच्यात. अडचण अशी, की नळीच्या भिंतीलगतचा माल करपायचा आणि मधला कच्चा राहायचा. १९४६ साली जेम्स हेंड्री यांनी दांड्याच्या जागी स्क्रू आणला आणि यंत्राचा स्वभावच बदलला. तेलाच्या एक्स्पेलरमध्ये फिरतो तसा हा स्क्रू तापलेल्या नळीत फिरतो. दाणे पुढे ढकलतो, चिरडतो, घुसळतो. वितळायला लागणारी बरीचशी उष्णता त्या घर्षणातूनच येते. पुरेसा माल पुढे साठला की तोच स्क्रू न फिरता पुढे सरकतो आणि दोनशे-अडीचशे अंशांचा रस साच्यात कोंबतो. खुर्चीएवढा साचा त्या दाबानं उघडू नये म्हणून तो शेकडो टनांच्या जोरानं मिटून धरावा लागतो. साच्याच्या पोटातून गार पाणी खेळत असतं. मिनिटभरात खुर्ची बाहेर.

खरी कारागिरी साचा करणाऱ्याची. पॉलिप्रॉपिलीन गार होताना एक-दोन टक्के आक्रसतं, म्हणून साचा तेवढा मोठा कापायचा. आणि जाड भाग पातळ भागापेक्षा जास्त आक्रसतो, म्हणजे हिशेब सगळीकडे सारखा नाही. विदर्भातल्या मुलांना हे शिकायला चंद्रपूरला सिपेट या प्लास्टिकचं तंत्र शिकवणाऱ्या संस्थेचं केंद्र आहे. ती संस्था १९६८ साली मद्रासेत सुरू झाली.

खुर्ची उलटी करून बघा. बैठकीच्या खाली मधोमध गोल खूण दिसेल. ती तिची बेंबी. नाळ तिथं तुटली. तिथून रस चारही पायांकडे आणि पाठीकडे धावतो. पाठीतल्या फटींपाशी तो दुभंगतो आणि पलीकडे पुन्हा भेटतो. तोवर दोन्ही तोंडं जराशी निवलेली असतात, रेणू एकमेकांत नीट गुंतत नाहीत. कारखान्यात याला वेल्ड लाइन म्हणतात. म्हणजे एकसंध म्हणवणाऱ्या खुर्चीतही जोड असतोच, फक्त तो कुणी केलेला नसतो. पुष्कळदा ती मोडते तीही तिथंच.

बांधीतल्या पीव्हीसी पाइपाची गोष्ट वेगळी. पाइप सलग ओढून काढलेला, पण एल्बो, टी, कपलर हे साच्यातून आलेले. त्यांच्यासाठी आयएस ७८३४ हे स्वतंत्र भारतीय मानक आहे. दोघांना जोडतं ते ‘सोल्युशन’. त्याला गोंद समजणं चूक. ते पीव्हीसीलाच विरघळवून मऊ करतं, दोन्ही पृष्ठभाग एकमेकांत मुरतात आणि द्रावक उडून गेला की जोड पाइपाच्याच अंगाचा होतो. म्हणून चिखलाचा हात न पुसता केलेला जोड मोटार सुरू होताच निसटतो, आणि दोष मात्र सोल्युशनला लागतो.

नळयोजनेचे काळे एचडीपीई पाइप सोल्युशनला दाद देत नाहीत. त्यांची तोंडं तासून, सव्वादोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या तव्याला टेकवून, तवा काढून घेऊन एकमेकांवर दाबतात. सांध्याभोवती गोल कड उमटते. ती चहूबाजूंनी सारखी असेल तर काम बहुधा नीट झालं. गाडीच्या बॅटरीचं झाकणही तापवूनच बसवतात. मोबाइलच्या चार्जरची दोन टरफलं तर सेकंदाला वीस हजार कंपनांनी घासून वितळवलेली असतात, म्हणूनच तो उघडताना फुटतो.

खुर्चीच्या पॉलिप्रॉपिलीनचा पृष्ठभाग इतका तेलकट स्वभावाचा, की साधा गोंद त्यावर पसरतच नाही, थेंब धरून बसतो. तापवलं तर जुळतं, पण तडा गेलेल्या एका खुर्चीसाठी गरम हवेचं यंत्र कोण आणणार? गावाकडे उपाय ठरलेला. खिळा चुलीत लाल करायचा, तड्याच्या दोन्ही अंगांना भोकं पाडायची आणि तारेनं टाके घालायचे, गोणपाट शिवतात तसे. तारेची टोकं तेवढी खालच्या बाजूला वळवायची, नाहीतर बसणाऱ्याचं धोतर फाटतं.