वाघ टिपणारा कॅमेरा माणसाचंही छायाचित्र घेतो

ताडोबाच्या मोहर्ली परिक्षेत्रातलं सीतारामपेठ 2023 मध्ये बातम्यांत आलं. गावालगत कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे कॅमेरे बसले. वाघ टिपला की यंत्र त्याला ओळखतं आणि वनखात्याला, गावकऱ्यांना सावध करतं. चंद्रपूर-गडचिरोलीत अशा इशाऱ्याची गरज कुणाला पटवून द्यावी लागत नाही. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात दगावल्या.

गरज इतकी खरी असल्यामुळेच एक गैरसमज घट्ट बसतो: हेतू चांगला, म्हणजे यंत्रही चांगलंच वागणार. उत्तराखंडच्या कॉर्बेट परिसरातला अनुभव वेगळा आहे. केंब्रिज विद्यापीठाचे संशोधक त्रिशांत सिमलाई यांनी तिथे 14 महिने राहून सुमारे 270 लोकांशी बोलून केलेला अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. कॅमेरे वन्यजीवांसाठीच लावलेले होते. पण जंगलात शौचाला बसलेल्या एका स्त्रीचं छायाचित्र त्यात आलं आणि ते गावातल्या व्हॉट्सअॅप गटांवर फिरलं. चिडलेल्या गावकऱ्यांनी कॅमेरे फोडले. त्याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. सरपणाला जाणाऱ्या बायका जनावरं दूर राहावीत म्हणून मोठ्यानं गात, बोलत जायच्या. कॅमेऱ्याच्या धास्तीनं त्या गप्प राहू लागल्या, अनोळखी वाटांनी जाऊ लागल्या. वाघाचा धोका त्यामुळे वाढला.

इथे दुष्ट कुणीच नव्हतं. माणसाच्या छायाचित्राचं काय करायचं हे आधी कुणी ठरवलं नव्हतं, इतकंच. वर्तनशास्त्र नेमकं इथेच बोट ठेवतं. माणसं बहुतेक वेळा समोर असलेली मूळ सेटिंग तशीच ठेवतात. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी 2003 मध्ये अवयवदानाच्या संमतीची तुलना मांडली: जर्मनीत 12 टक्के, शेजारच्या ऑस्ट्रियात 99 टक्क्यांहून जास्त. दोन्हीकडची माणसं सारखीच. ऑस्ट्रियात नकार कळवला नाही तर संमती धरली जाते, जर्मनीत ती स्वतःहून द्यावी लागते. (प्रत्यक्ष अवयवदानात इतका फरक पडत नाही, हेही सांगायला हवं.) कॅमेऱ्यांनाही हेच लागू पडतं. जंगलातली छायाचित्रं छानणारं ‘मेगाडिटेक्टर’ हे सॉफ्टवेअर प्राणी, माणूस आणि वाहन वेगळे ओळखतं. म्हणजे माणूस दिसला की छायाचित्र आपोआप पुसलं जाईल, अशी सोय करता येते. पुसणं हीच मूळ सेटिंग असेल, तर कुणाला रोज सद्‌बुद्धी आठवावी लागणार नाही.

‘अभियंत्यांना आचारसंहिता दिली की भागतं’ हा दुसरा समज. नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये तो तपासून पाहिला. 63 विद्यार्थी आणि 105 व्यावसायिक सॉफ्टवेअर तज्ज्ञांना नैतिक पेचाचे प्रसंग दिले. काहींना संगणक व्यावसायिकांची आचारसंहिता आधी दाखवली, काहींना नाही. निर्णयांत म्हणण्याजोगा फरक पडला नाही.

मग तपासणी-यादी? शस्त्रक्रियेतल्या यादीमुळे 2009 च्या आठ रुग्णालयांच्या अभ्यासात मृत्यूचं प्रमाण 1.5 वरून 0.8 टक्क्यांवर आलं. तीच पद्धत कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात सर्वत्र लागू केल्यावर फारसा परिणाम दिसला नाही. खुणा करायच्या म्हणून केल्या, तर यादी कागदावरच राहते. वर्तनशास्त्रही हमखास गुणाचं औषध नव्हे. ‘अर्जावर आधी सही घेतली की लोक खरं लिहितात’ हा गाजलेला शोधनिबंध 2021 मध्ये मागे घ्यावा लागला.

सर्वांत अन्यायकारक समज म्हणजे, ‘यात गावकऱ्यांना काय कळणार?’ गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथली ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते आणि त्याआधी अभ्यास गटात विषयाचा कीस पाडते. कॅमेऱ्याची संवेदनशीलता किती ठेवायची, हा प्रश्न अशाच सभेपुढे ठेवण्यासारखा आहे. ती फार ठेवली, तर रानडुकरालाही भोंगा वाजेल आणि चार दिवसांनी कुणी उठणार नाही. कमी ठेवली, तर वाघ निसटेल. कुठली चूक परवडते, हे पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बाईला विचारायला हवं.

आणि चुकांचा हिशेब गावाच्या फलकावर लागायला हवा. चुका जाहीर झाल्या की काय होतं, याचं एक उदाहरण आहे. 2018 मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चूक जास्तीत जास्त 0.8 टक्के होती, काळ्या-सावळ्या स्त्रियांबाबत 34.7 टक्क्यांपर्यंत. कंपन्यांची नावं जाहीर झाली. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत तिघींच्याही चुका लक्षणीय कमी झाल्या होत्या. पहिल्या तपासणीत नसलेल्या दोन कंपन्या मात्र बऱ्याच मागे होत्या.