घरबसल्या अभ्यास, भाग ६ : दोन राज्यांची पुस्तकं, एक मोबाईल

मोबाईल कोणता, डेटा किती, फाइली ठेवायला जागा कुठली, हे मागच्या भागांत झालं. आता प्रत्यक्ष अभ्यासाकडे वळू. बालाघाट जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला ऑनलाइन साधनांचा विचार करताना दोन गोष्टी धरून चालावं लागतं. एक म्हणजे रेंज. बालाघाट शहरात, वारासिवनीत, कटंगीत काम भागतं. बैहर, परसवाडा, बिरसा या जंगलपट्ट्यात मात्र गावाबाहेरच्या टेकाडावर गेल्याशिवाय व्हिडिओ हलत नाही, अशी गावं आजही आहेत. दुसरी गोष्ट भाषेची. घरात पोवारी किंवा मराठी, शाळेत हिंदी, आणि पुढच्या शिक्षणाची दारं इंग्रजीत. या तिन्हींत पाय ठेवून मूल दहावी-बारावीपर्यंत पोचतं आणि त्याची ही मेहनत गुणपत्रिकेत कुठेच दिसत नाही.

रेंजचा प्रश्न सुटण्यासारखा आहे, कारण अभ्यासाला नेट सारखं लागतच नाही. आठवडी बाजारात जाऊन आपण सामान घेऊन येतो, स्वयंपाक घरी करतो. नेटचंही तसंच ठेवावं. आठवड्यातून एकदा रेंजमध्ये जाऊन हवं ते उतरवून घ्यायचं, मग डेटा बंद. असं सांगितलं की मुलांना तो नाइलाज वाटतो. माझं मत उलट आहे. ज्याच्या घरी दिवसभर वेगवान नेट आहे, त्या मुलापेक्षा ही सवय लागलेलं मूल अभ्यासात पुढे जातं. साधन शोधण्यात संध्याकाळ घालवायची आणि अभ्यास झाल्याचं समाधान मानायचं, हा धोका त्याला कमी असतो.

भाषेच्या बाबतीत तर आपल्या जिल्ह्याकडे एक श्रीमंती आहे. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर आणि भंडारा मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यातच होता. सोयरिकी मात्र पूर्वीसारख्याच वैनगंगेच्या दोन्ही अंगांना होत राहिल्या. लांजीच्या मुलीची मामेबहीण आमगावला मराठीतून शिकते, वारासिवनीच्या मुलाची आत्या तुमसरला असते. म्हणजे एकाच कुटुंबात दोन राज्यांचे अभ्यासक्रम चाललेले असतात. पूर्वी याचा उपयोग सुटीत एकमेकांची पुस्तकं चाळण्यापुरता होता. आता दोन्हीकडची पुस्तकं फुकट उतरवता येतात.

मध्य प्रदेश मंडळाच्या दहावीला विज्ञान एनसीईआरटीचं आहे. त्याच्या हिंदी पुस्तकाचा प्रत्येक धडा एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर वेगळ्या पीडीएफमध्ये मिळतो. तिकडे बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर आहेत, मराठीसकट अनेक माध्यमांत. दोन्ही सरकारी, दोन्ही विनामूल्य. याच पीडीएफ पेनड्राइव्हमध्ये भरून पैसे घेणारे लोक आहेत, पालकांनी त्यांना एक रुपयाही देऊ नये. छापून घ्यायच्या असतील तर छपाईचे पैसे द्यावेत, पुस्तकाचे नव्हे.

आता एक धडा घेऊन बघू. समजा, किरनापूरकडची दहावीची एक मुलगी आहे आणि तिला प्रकाशाचा धडा जड जातो. एनसीईआरटीत परावर्तन आणि अपवर्तन एकाच धड्यात येतात, आरसे, भिंगं, सूत्रं, चिन्हांचे नियम असं सगळं एकामागून एक. बालभारतीच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग १’ मध्ये सहावा धडा फक्त ‘प्रकाशाचे अपवर्तन’ आहे आणि भिंगं पुढच्या, सातव्या धड्यात. विषय तोच, पण मांडणीला जागा जास्त. हिंदी धडा वाचताना जिथे अडेल तिथे मराठी धड्याचं तेवढंच पान उघडायचं. दोन्ही धडे पूर्ण वाचायची गरज नाही. परीक्षा हिंदी पुस्तकावर आहे, हे विसरून चालणार नाही.

इथे एका गोष्टीला जपायला हवं, कारण तिथे गुण जातात. अपवर्तन, परावर्तन, घर्षण, त्वरण हे शब्द दोन्ही भाषांत सारखे, त्यामुळे मूल बेसावध होतं. जीवशास्त्रात मात्र मराठी ‘पेशी’ म्हणजे हिंदीतली ‘कोशिका’, आणि हिंदी पुस्तकात ‘पेशी’ म्हटलं की तो स्नायू असतो. मराठीतून समजून घेतलेलं उत्तर हिंदी पेपरात तसंच उतरवलं तर समजूनही उत्तर चुकतं. म्हणून वहीच्या शेवटच्या पानांवर दोन रकाने पाडावेत, डावीकडे हिंदी, उजवीकडे मराठी: कोशिका–पेशी, पेशी–स्नायू, ऊतक–ऊती, क्षारक–आम्लारी, घनत्व–घनता. मराठी विश्वकोश आता संपूर्ण ऑनलाइन आहे आणि नोंदी उत्तम आहेत, पण त्यात अपवर्तनांकाला ‘प्रणमनांक’ हा जुना शब्द भेटतो, तोही या यादीत लिहून ठेवावा. हे काम कोणतंही ॲप करून देत नाही, आणि हाताने केलेलंच बरं.

वाचून झाल्यावर त्या मुलीला प्रयोग करायचा आहे. काचेची चिप शाळेत असली तरी चाळीस जणांत एक असते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये ‘फेट’ नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यातले बरेच आभासी प्रयोग हिंदीत आणि मराठीतही आहेत. प्रयोगाची फाइल एकदा उतरवून घेतली की ती नेटशिवाय ब्राउझरमध्ये उघडते. संगणकावर ती सोयीची पडते. गावात कियॉस्क असेल किंवा शाळेत संगणक असेल तर तिथे जाऊन करावं. अपवर्तनाच्या प्रयोगात पडद्यावर लेझर दिसतो, वर हवा, खाली पाणी. लेझरचं बटण दाबलं की किरण पृष्ठभागावर पडून वाकतो. कोनमापक ओढून आणायचा आणि आपाती कोन ४५ अंश ठेवायचा. पाण्यात किरण सुमारे ३२ अंशांवर जातो. पाण्याऐवजी काच निवडली की २८ अंशांवर येतो. मग वहीत ४५ ची ज्या भागिले २८ ची ज्या करायची, की १.५ च्या आसपास उत्तर येतं. पुस्तकातल्या कोष्टकात काचेपुढे छापलेला आकडा स्वतःच्या हातून निघाला, की तो पाठ करावा लागत नाही. त्या प्रयोगात दोन अनोळखी माध्यमंही ठेवलेली आहेत, त्यांचा अपवर्तनांक विद्यार्थ्यानेच शोधायचा. शिक्षकांनी हाच गृहपाठ द्यावा, असं मला मनापासून वाटतं. त्याचं उत्तर गाइडात छापलेलं नसतं.

मलाजखंडच्या मुलांसाठी एवढ्यात एक आठवण. एनसीईआरटीच्या धातूंच्या धड्यात तांब्याच्या विद्युत अपघटनी शुद्धीकरणाची आकृती आहे. तुमच्या गावाची ताम्रखाण त्या आकृतीच्या कितीतरी आधीच्या टप्प्यावर आहे. खनिज बाहेर काढणं, दळणं, सांद्रण करणं, हे सगळं तुमच्या डोळ्यांसमोर चालतं. भरवेलीच्या मुलांना मँगनीजबद्दल तेच सांगता येईल. धड्यातली जागा आधी घरच्यांना विचारून भरा, मग व्हिडिओ शोधा.

व्हिडिओचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण मुलं ‘ऑनलाइन अभ्यास’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांच्या मनात यूट्यूबच असतं. शाना कारपेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तिरंगी मांजरी बहुतांश माद्याच का असतात, यावर मिनिटभराची फीत दोन तऱ्हांनी तयार केली. एकीत शिक्षिका ताठ उभी, नजरेला नजर देऊन ओघवतं बोलते. दुसरीत तीच शिक्षिका कागदावर ओणवून अडखळत वाचते. मजकूर तोच. पहिली फीत पाहिलेल्या विद्यार्थ्यांना वाटलं, आपल्याला खूप आठवणार. प्रत्यक्षात दोन्ही गटांना सारखंच आठवलं. चांगलं शिकवणारा माणूस ऐकताना ‘कळलं’ असं वाटतं, आणि ते वाटणं खरंही असतं. पण कळलेलं आपल्याला स्वतःहून सांगता येतं का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि पेपरात तोच विचारला जातो.

त्याचं उत्तर शोधायचा एकच मार्ग आहे. बंद करून आठवायचं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांचा २००६ मधला प्रयोग मी शिक्षकांच्या प्रत्येक बैठकीत सांगते. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो पुन्हा वाचला, दुसऱ्याने पुन्हा न वाचता जेवढं आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर घेतली तेव्हा उलटलं: वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं, लिहून काढणाऱ्यांना ५६. रात्री तीनदा वाचून सकाळी पेपर देणाऱ्या मुलाला आपली पद्धत बरोबर का वाटते आणि वार्षिक परीक्षेत ती का दगा देते, दोन्हींचं कारण या आकड्यांत आहे.

म्हणून दहा मिनिटांचा व्हिडिओ झाला की मोबाईल पालथा ठेवायचा आणि कोऱ्या पानावर लिहायचं. लिहायचा कंटाळा आला तर बोलायचं. आमगावच्या मामेबहिणीला व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवायचा, चक्क पोवारीत: किरण पाण्यात शिरताना आत का वळतो, ते सांगायचं. शालेय विज्ञान पोवारीत शिकवणारं साहित्य शोधायला गेलात तर हाती फारसं लागत नाही. पण ज्या बोलीत आपण आजीशी बोलतो, त्या बोलीत एखादी संकल्पना सांगता आली तर ती पाठ केलेली नाही, हे नक्की. पाठ केलेली वाक्यं हिंदीतच असतात, पोवारीत आणताना ती कामाला येत नाहीत. तिथे अडखळलं की ओळखायचं, हीच जागा कच्ची आहे, पुन्हा पुस्तकाकडे.

सूत्रं, व्याख्या, सनावळ्या, इंग्रजी शब्द यांच्यासाठी ‘अँकीड्रॉइड’ नावाचं ॲप आहे. फुकट, जाहिराती नाहीत, नेटशिवाय चालतं. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. जे कार्ड येतं ते लांबच्या तारखेला परत विचारलं जातं, जे चुकतं ते लवकर. मागची कल्पना जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये कागदी कार्डं आणि कप्प्यांच्या खोक्याने मांडली होती, त्यामुळे ज्याच्याकडे स्वतःचा मोबाईल नाही त्याने लग्नपत्रिकांचे तुकडे आणि बुटांचं खोकं घेतलं तरी काम तेच होतं. दुसऱ्याने बनवलेली तयार कार्डं शक्यतो घेऊ नयेत. कार्ड बनवताना प्रश्न काय विचारायचा हे ठरवावं लागतं, आणि अर्धा अभ्यास तिथेच होतो.

प्रश्न विचारला की उत्तर लिहून देणारी एआयची साधनं आता शाळकरी मुलांच्या हातात आहेतच. मुलांना त्यांपासून दूर ठेवता येईल असं मला वाटत नाही. एक नियम मात्र घालता येतो: उत्तर मागायचं नाही, प्रश्न मागायचे. धड्यातला परिच्छेद द्यायचा आणि म्हणायचं, यावर पाच प्रश्न विचार, उत्तरं सांगू नकोस. मग आपण लिहिलेलं उत्तर त्याला दाखवायचं आणि चूक विचारायची. ते जे सांगेल ते छापील पुस्तकाशी ताडून पाहायचं, कारण ही साधनं चुकीची गोष्टही ठाम स्वरात सांगतात, आणि दहावीच्या मुलाला दोन्ही स्वर सारखेच ऐकू येतात.

सरकारी साधनांपैकी ‘दीक्षा’ २०१७ पासून आहे. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड दाखवला की त्या धड्याचं साहित्य उघडतं आणि ॲपमध्ये उतरवूनही ठेवता येतं. २०२० मध्ये शाळा बंद असताना मध्य प्रदेशाने ‘हमारा घर हमारा विद्यालय’ चालवलं, व्हॉट्सॲप गटांवरून रोजचं साहित्य पाठवलं. त्या काळाचा एक तोटा अजून निस्तरतो आहोत: साहित्य पोचलं म्हणजे शिक्षण झालं, हा समज. फाइल आली का, एवढंच पालक विचारू लागले. विचारायचं ते वेगळं, आणि त्यासाठी पालकाला विज्ञान यावं लागत नाही. ‘आज काय पाहिलंस’ ऐवजी ‘आज काय पाहिलंस ते न बघता सांग’ एवढं म्हटलं तरी पुरतं.

कॉलेजच्या मुलांचं गणित थोडं वेगळं. ‘स्वयम्’वरचे कोर्स, मुंबई आयआयटीचे मराठीतही असलेले ‘स्पोकन ट्युटोरियल’, श्रेयांक आणि परीक्षाशुल्काचे नियम, हे सगळं पुढच्या भागात घेऊ. दहावीवाल्यांना तोवर काम आहे. अपवर्तनाचे दोन्ही धडे आणि ‘फेट’ची ती एक फाइल उतरवून घ्या. मग माध्यमं उलटी करा, वर पाणी, खाली हवा, आणि कोन एकेक अंशाने वाढवत न्या. एका कोनानंतर किरण पाण्याबाहेर पडेनासा होतो. तो कोन मोजून वहीत लिहून ठेवा, आणि कोष्टकातल्या १.३३ या आकड्यावरून तोच कोन गणिताने निघतो का, ते करून पाहा. उत्तर आणि त्याची मांडणी पुढच्या आठवड्यात.